सरंजामाची पेटी

घटस्थापनेपूर्वीची आवराआवर चालू असताना जिन्याखालून एक पत्र्याची पेटी बाहेर निघाली. निघाली म्हणण्यापेक्षा ती ओढून काढावी लागली, कारण तिचा तळ फरशीला चिकटला होता, आणि उचलल्यावर खाली तिच्या आकाराचा तांबूस चौकोन उरला. तो डाग अजून गेलेला नाही. सव्वादोन फूट लांब, फूटभर रुंद, जवळजवळ तेवढीच उंच. मागे दोन बिजागऱ्या, पुढे कडीकोयंडा, दोन्ही अंगांना उचलायच्या कड्या. वडिलांची हत्यारांची पेटी. ते २००३ साली गेले. तेव्हापासून दर दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहण्यापलीकडे आमच्या घरात तिला कोणी हात लावला नव्हता. पूजा झाकणाची होत असे. झाकण उघडत नसे.

घरच्यांचे मत पडले की भंगारवाल्याला द्यावी. सिल्वासात भंगारवाल्यांना तोटा नाही. करसवलतींच्या काळात इथे कारखाने आले, माणसे आली. १९६१च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ५७,९६३ होती, ती २०११ साली ३,४३,७०९ झाली. लोखंड जसे आले तसे मोडीतही निघाले. मी नको म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. फिटरचा मुलगा असून मी जन्मात कानस धरलेली नाही. वडिलांचीच तशी इच्छा होती. त्यांचे हात रात्री जेवतानाही काळे दिसत. माझे पांढरे झाले ते खडूने.

पहिले चार दिवस बिजागऱ्यांनीच घेतले. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये चिंध्या भिजवून बिजागऱ्यांवर गुंडाळल्या. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर झाकण थोडे हलवून पाहायचे, पुन्हा चिंधी बांधायची. जोर करायचा नाही हा एवढाच सल्ला बाजारातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरने दिला होता. मिजागरां तुटलां तर पेटी गेली समज, असे तो त्याच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाला. गंमत अशी की त्याचे मिजागरुं आणि आपली बिजागरी या दोघींचे माहेर एकच, पोर्तुगीज 'बिसाग्रा'. चावीसुद्धा पोर्तुगीजच. गवंड्याचे घमेले आणि महिनाअखेरीचा पगार हेही त्याच गलबतातून आले. दमण, वसई आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ते उतरले, आणि राज्यकर्ते गेल्यावरही इथेच राहिले. शब्दांना कोणी हद्दपार करीत नाही.

पाचव्या दिवशी झाकण उघडले. आतल्या बाजूला वडिलांनी पांढऱ्या ऑइल पेंटने हत्यारांची यादी लिहिलेली होती. ती मी लहानपणी पाहिली होती, पण वाचली नव्हती. हातोडा १, कानस ३, छिन्नी २, पंच १, पक्कड १, गुण्या १, डिसमिस ३, पाने ८. त्याखाली पान्यांचे आकडे वेगवेगळे. इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्यामुंबईकडे हा अंक कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो की डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. गुजरातीतला शब्द आहे, आमच्याकडच्या मराठी फिटरांच्याही तोंडी तोच. अक्षर वळणदार नव्हते. वडील सातवीपर्यंत शिकलेले. पण यादीच्या डोक्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: सरंजाम.

इतिहासाच्या मास्तराला या शब्दाशी थांबावेच लागते. सरंजाम म्हणजे साहित्य, सामग्री. पूजेचा सरंजाम, स्वयंपाकाचा सरंजाम आपण म्हणतो. वडिलांनी तो त्याच अर्थाने लिहिला. पण पेशवाईत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलखाचा महसूल. महसूल त्याचा, मुलूख मात्र सरकारचा. या एका फरकावर आपल्या या छोट्या प्रदेशाचा दावा पुढे थेट हेगपर्यंत गेला.

१७७९च्या डिसेंबरात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्याचा तह झाला. त्यात पोर्तुगीजांना दमणजवळच्या गावांतून १२,००० रुपयांचा वार्षिक महसूल देण्याचे ठरले. पुढे १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे लावून दिली गेली आणि १७८५ मध्ये दादरा. १८१८ साली पेशवाई बुडाली. महसूल घेणारे राहिले, देणाऱ्याचे राज्य गेले, आणि कोणी विचारायला नसल्यामुळे पोर्तुगीज त्या गावांचे धनी होऊन बसले. इंग्रजांनीही ते चालू दिले. १९५४च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले ती हकिकत प्रत्येक मुक्तिदिनाला शाळांतून सांगितली जाते, ती मी इथे पुन्हा सांगत नाही. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला. दमणहून या गावांत जाण्यायेण्याचा आमचा हक्क भारताने अडवला, असा त्यांचा दावा होता.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. भारताच्या बाजूने तात्पुरते न्यायाधीश म्हणून न्या. छागला बसले होते. तहाच्या आणि सनदांच्या मराठी मजकुरात जहागीर, सरंजाम असे शब्द होते, आणि असे शब्द वापरून सार्वभौमत्व दिल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही. शिवाय या गावांत बंडाळी झाली तर ती मोडण्याची परवानगी पेशव्यांनी पोर्तुगीजांना दिली होती. न्यायालयाने म्हटले की मुलूखच देऊन टाकला असता तर घेणाऱ्याला त्याच्याच मुलखात बंड मोडायची परवानगी कशाला लागली असती? हा युक्तिवाद मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून 'बरोबर!' म्हणतो. मात्र पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य झाली होती, हेही न्यायालयाने नमूद केले आहे. ते आपण भाषणांतून सहसा वगळतो.

शेवटी खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्यायेण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता, असे ठरले. सैनिक, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तो नव्हता, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही. म्हणजे वडिलांसारख्या फिटरची पेटी त्या निकालाप्रमाणे नाक्यावरून सुटली असती. काडतुसांची पेटी अडली असती. १९६१च्या ऑगस्टात हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून आपण दमण आणि दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहोत. असो. पेटीकडे वळतो.

गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो रंगाच्या खाली शिरला की रंग फुगतो, पापुद्रा उचलला जातो, त्यातून पाणी आत जाते आणि आणखी गंज चढतो. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. चार महिने हवेतच पाणी असते. पेटीवर रंगाचे तीन थर निघाले. वर हिरवा, त्याखाली राखाडी, तळाशी मूळचा काळा, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून विकत घेतली तेव्हाचा. जुना रंग कोरडा घासायचा नाही हे मी विज्ञानाच्या सरांकडून शिकलो. त्यात शिसे असते. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरात लागू झाला; त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. म्हणून तोंडाला फडके, पाणी लावून एमरी पेपर, आणि निघालेला चिखल वर्तमानपत्रात बांधून वेगळा ठेवायचा. नातवंडांना त्या कोपऱ्यात बंदी.

पत्रा उघडा पडल्यावर गंज काढायचे औषध लावले. ते बहुतेक फॉस्फोरिक आम्लाचे असते. गंज खाते आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर ठेवून जाते. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा राहिला तो त्यातल्या फॉस्फरसमुळे धरलेल्या अशाच थराच्या आधाराने. आपल्या जुन्या लोहारांना रसायन माहीत नव्हते, पण लोखंड टिकले. धुऊन, पुसून, उन्हात तापवून त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा लागतो. एक रात्र दमट गेली की सकाळी पुन्हा तांबूस भुकटी हजर.

हा प्रायमर म्हणजे रेड ऑक्साइड. त्याचा डबा उघडला आणि मला हसू आले. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच जातभाई. दोन आठवडे खरवडून काढले तेच ब्रशने परत लावायचे! फरक इतकाच की हे ऑक्साइड पूर्ण झालेले, स्थिर झालेले असते आणि तेलात बांधलेले असते. गेरूही तेच. वारली घरांच्या कुडावर शेणावर गेरूचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, तो गेरू. पूर्वी लोखंडाला दुसरा लाल रंगही लावीत, शेंदूर, तो शिशाचा. एक देवाला, एक भिंतीला. लोखंडाने दोन्ही अंगाला लावून पाहिले.

पेटीचा तळ सगळ्यात वाईट होता. आत तळाशी लाकडाची फळी होती. हत्यारे पत्र्यावर आपटू नयेत म्हणून दोन पट्ट्यांवर ती स्क्रूने बसवलेली. लाकूड ओल धरून ठेवते, त्यामुळे फळीखालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. फळी आणि मागची भिंत यांच्यात बोटभर फट. स्क्रू गंजून एकजीव झालेले. ते छिन्नीने तोडून मी फळी उचलली.

खाली, पत्र्याला गंजाने चिकटलेला, एक पाना होता.

हे वाचणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र फळी हातात धरून खाली बसावे लागले. यादीत आठ पाने आहेत, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. त्यातल्या १८-१९ वर काट मारलेली आहे आणि पुढे वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे: 'गेला. मे ८०'.

तेव्हा वडील दमणगंगा प्रकल्पाच्या कामावर एका कंत्राटदाराकडे होते. मधुबन धरणाचे आणि कालव्यांचे काम चालले होते. त्यांच्या हाताखाली एक आदिवासी तरुण मदतनीस होता. नाव मी इथे देत नाही, त्याच्या घरची माणसे इथेच आहेत. तो पेटीची एक कडी धरी, वडील दुसरी. रविवारी आमच्या घरी येई, मला गोफण करून दिली होती. मेच्या एका संध्याकाळी हत्यारे मोजताना १८-१९ भरला नाही. वडिलांनी मुकादमाला सांगितले. ओरडले नाहीत, मारले नाही, नुसते सांगितले. मुकादमाने त्याची पंधरवड्याची मजुरी कापली आणि त्याला काढून टाकले. रात्री घरी वडील आईला म्हणाले, त्याला डिसमिस केलं. मी अकरा वर्षांचा होतो आणि डिसमिस म्हणजे एकच वस्तू मला माहीत होती. कितीतरी दिवस मला वाटत राहिले की त्याला स्क्रू ड्रायव्हरने मारले.

हेगच्या न्यायाधीशांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदातला एकेक शब्द उलटून पाहिला. आमच्या घरच्या खटल्यात पेटी उलटी करून पाहायला पाच मिनिटे लागली असती. वडील अन्यायी माणूस नव्हते, हे मी मुलगा म्हणून लिहीत नाही, त्यांना ओळखणारे सगळे सांगतील. पण चोर कोण हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते, आणि ते ठरवायला त्यांना एक क्षणही लागला नव्हता. त्यांच्या जागी कोकणातला कोणी मदतनीस असता तर त्यांनी आधी फळी उचलली असती, असे मला वाटते. हे लिहिताना बरे वाटत नाही.

पाना तसाच असता तर शंकेला जागा होती. पाने काय, कुणाचेही असतात. विज्ञानाच्या सरांनी शाळेच्या व्हरांड्यात व्यवस्था केली. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार पान्याला आणि धन तार लोखंडाच्या एका रद्दी तुकड्याला. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावरच करायचे. रात्र गेली, सकाळी पाना काळा होऊन निघाला, ब्रश मारताच काळेपण गेले. एका तोंडाजवळ १८, दुसऱ्याजवळ १९, आणि दांड्यावर पंचने मारलेले दोन ठिपके. वडील आपल्या प्रत्येक हत्यारावर असे दोन ठिपके मारीत.

त्या तरुणाचे गाव मला आठवत होते, पण गावाला जाता येणार नव्हते. दुधनीच्या अंगाला जिथे आज पर्यटक शिकाऱ्यात बसून फोटो काढतात, त्या पाण्याखाली ते आहे. पोर्तुगीज अमलात इथल्या जमिनी अलवारेदारांच्या होत्या आणि आदिवासी त्यांत राबत. १९७१च्या जमीनसुधारणा नियमनाने अलवारे संपले. त्या वेळी त्याच्या बापाला थोडी जमीन मिळाली, तीही पुढे जलाशयात गेली. म्हणजे जे धरण बांधायला तो आमच्या पेटीची कडी धरून जात होता, त्याच धरणात. शाळेतल्या एका शिपायाने चौकशी करून वसाहत शोधून दिली.

तो स्वतः बारा वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको भेटली. ओटीवर बसून भात निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने सून आत चहाला पाठवली आणि सूप बाजूला ठेवले. मी पाना तिच्या हातात दिला आणि जे होते ते सांगितले. सांगायला फार वेळ लागत नाही. तिने पाना उलटसुलट करून पाहिला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"कुठं होता, मास्तर?"

"पेटीतच होता, आजी. फळीखाली."

"पेटीतच," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्यांनी आमचं घर पण झाडलं होतं. दोघं जण आले होते मुकादमाचे. पिठाचं मडकं ओतून पाहिलं."

हे मला माहीत नव्हते. वडिलांना माहीत होते की नव्हते, हे आता कोणाला विचारणार?

आजच्या दराने पंधरवड्याची मजुरी मी पाकिटात घालून नेली होती. कसे द्यावे या विचारात ते खिशातच राहिले असते, पण तिनेच विचारले, पैसे कापले होते ते आठवतं का? मी पाकीट दिले. तिने सुनेकडून मोजून घेतले, नातवाच्या हाती आत पाठवले, आभार मानले नाहीत आणि मानायचे कारणही नव्हते. पुढची नोकरी त्याला कुठेच मिळाली नाही, नाव झाले होते, मग तो वापीला हमालीला जायचा, एवढे तिने सांगितले. मी उठलो तेव्हा पान्यासाठी हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"हा इथं राहू दे," म्हणाली. सुनेला सांगून तो तिने ओटीवर, येणाऱ्याला दिसेल असा, खुंटीला अडकवला.

झाकणाच्या आतल्या यादीचे काय करायचे हा प्रश्न होताच. अक्षरांखालून गंज फुगला आहे. खरवडले नाही तर चारपाच पावसाळ्यांत झाकण जाईल, आणि खरवडले तर यादी जाईल. वेल्डर म्हणाला, नवा रंग देऊन तुमच्या चांगल्या अक्षरात पुन्हा लिहा. मी बटर पेपरवर यादी उतरवून घेतली, फोटो काढले, पण खरवडले नाही. फुगलेल्या जागी जवसाचे तेल कापसाने मुरवले आहे, तेवढ्याने गंजाची चाल मंदावते. पाने ८ हा आकडा आणि त्याखालची काट जशीच्या तशी आहे. शेजारी खरे काय ते लिहावे असे एकदा मनात आले, ब्रशही घेतला होता. वडिलांच्या अक्षराशेजारी माझे अक्षर चालणार नाही असे वाटले. त्याऐवजी हकिकत एका कागदावर लिहून, तारीख घालून, वरच्या खणात ठेवली आहे.

बाहेरून एनॅमलचा एक हात झाला आहे. राखाडी घेतला, वडिलांचा मधला रंग. दुसरा हात राहिला आहे; ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली, पण यंदा पाऊस लांबला आणि ओल्या हवेत एनॅमल चिकट राहतो. तळाला नवा पत्रा वेल्डरने बसवून दिला. फळी मी परत घातलेली नाही.